एक्स्पोनेन्शियल ग्रोथ म्हणजे नक्की काय? घातांकी वाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हल्ली कुठलीही गोष्ट जरा वाढली की लोक लगेच "एक्स्पोनेन्शियली वाढतंय" म्हणतात, सोन्याचा भाव असो, ट्रॅफिक असो नाहीतर कुणाचे फॉलोअर्स. गणितात या शब्दाला एकदम पक्का अर्थ आहे आणि तो समजला तर कर्ज, एफडी, साथीचा रोग, नदीतली जलपर्णी, फसव्या स्कीम, सगळ्याकडे बघायची नजर बदलते, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आठवी-नववीचं गणित येत असेल तर सगळं कळेल.

एका वाक्यात सांगा ना, घातांकी वाढ म्हणजे काय?

जी गोष्ट आत्ता जितकी आहे त्या प्रमाणातच पुढे वाढते, तिची वाढ घातांकी. म्हणजे आत्ता १०० असताना वर्षात ८ ने वाढत असेल तर २०० झाल्यावर १६ ने वाढेल आणि १००० झाल्यावर ८० ने. बेरीज बदलत राहते, पट मात्र तीच राहते, दर वर्षी १.०८ पट. सूत्रात लिहायचं तर शेवटची रक्कम = सुरुवातीची रक्कम × (१ + दर) चा न वा घात, इथे न म्हणजे किती वर्षं गेली ते. वेळ घातांकाच्या जागी जाऊन बसतो म्हणून ही घातांकी वाढ, बाकी त्यात गूढ काही नाही.

म्हणजे खूप फास्ट वाढ, असंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. घातांकी वाढ एकदम मंदसुद्धा असू शकते. एखादी गोष्ट वर्षाला १ टक्क्याने वाढत असेल तर तीही शंभर टक्के घातांकीच, पण दुप्पट व्हायला तिला ७० वर्षं लागतात, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात ती जेमतेम एकदा दुप्पट होणार. उलट एखादी गोष्ट दर वर्षी ठोक एक कोटीने वाढत असेल तर आकडा केवढा मोठा दिसतो, पण ती साधी सरळ रेषेतली वाढ आहे.

एक गंमत करून बघा. एका बाजूला १, २, ३, ४ असे साधे आकडे मोजत जा आणि दुसऱ्या बाजूला १.०१ ला १.०१ ने गुणत जा. शंभराव्या पायरीला साधी मोजणी १०० वर आणि गुणाकारवाली बाजू अजून २.७ वर रखडलेली, कुणीही म्हणेल की हिच्यात काही दम नाही. साधारण साडेसहाशेव्या पायरीला ती बरोबरी करते आणि तिथून पुढे साधी मोजणी तिला परत कधीच गाठू शकत नाही. वेग किती हा प्रश्न वेगळा आणि वाढ कशी होतेय हा वेगळा, घातांकी हा शब्द दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज, हाच फरक का?

हो, अगदी हाच. शाळेत ते व्याजाच्या धड्यात शिकवतात म्हणून आपल्याला वाटतं की हा बँकेचा विषय आहे, पण सरळव्याज म्हणजे बेरजेची वाढ आणि चक्रवाढ म्हणजे गुणाकाराची वाढ, गणित तेच. एक लाख रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर २० वर्षांनी सरळव्याजाने २ लाख ६० हजार होतात आणि चक्रवाढीने साधारण ४ लाख ६६ हजार. ४० वर्षं ठेवले तर सरळव्याजाने ४ लाख २० हजार आणि चक्रवाढीने जवळजवळ २१ लाख ७२ हजार. पहिल्या दोन-तीन वर्षांत मात्र फरक इतका किरकोळ असतो की कोणी लक्षच देत नाही, दोन वर्षांनी फक्त ६४० रुपयांचा.

वर्ग, घन हेही घातच ना, मग तेही घातांकी का नाहीत?

चांगला प्रश्न आहे, दहावी-बारावीची मुलं हमखास विचारतात. क्ष चा वर्ग यात क्ष खाली आहे, पायाच्या जागी, आणि घात २ हा ठरलेला आहे. २ चा क्ष वा घात यात पाया ठरलेला आणि क्ष वर, घाताच्या जागी. दिसायला नुसती अदलाबदल, पण वागणूक पूर्ण वेगळी. क्ष चा १० वा घात घ्या, केवढा राक्षसी, क्ष १० असताना तो १००० कोटी होतो आणि तेव्हा २ चा १० वा घात बिचारा १०२४. पण क्ष ५९ झाला की २ चा घात पुढे जातो आणि मग मागे वळून बघत नाही. दहावा नाही, शंभरावा घात घेतलात तरी शेवटी हेच होणार, फक्त जरा उशिरा.

दुप्पट व्हायला किती वेळ लागेल हे पटकन कसं काढायचं?

७२ ला दराने भागा. ८ टक्के असेल तर ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षं. १२ टक्के असेल तर ६ वर्षं. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत भाव दुप्पट.

याचा पुरावा पोस्टातच मिळतो. किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के झाला आणि तेव्हा पोस्टाने मुदत जाहीर केली ११५ महिने, म्हणजे ११५ महिन्यांत पैसे दुप्पट. आता ७२ भागिले ७.५ करा, येतात ९.६ वर्षं, त्याला १२ ने गुणा, ११५.२ महिने! पोस्टाच्या काउंटरवर उभ्या उभ्या तोंडी करता येतं हे. आणि दुप्पट करून देणाऱ्या कुठल्याही योजनेला हाच भागाकार उलटा लावता येतो, कुणी ३ वर्षांत दुप्पट म्हणत असेल तर ७२ भागिले ३ म्हणजे वर्षाला २४ टक्के, मग लगेच विचारा की एवढे येणार कुठून.

पण ७२ च का?

खरा आकडा ६९.३ आहे, तो २ च्या नैसर्गिक लॉगरिदमवरून येतो, ०.६९३ (ई नावाच्या आकड्याचा, तो पुढे येतोच, कितवा घात घेतला की २ होतात ते सांगणारा आकडा). पण ६९.३ ने तोंडी भागाकार कोण करणार? ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी नीट भाग जातो, शिवाय वर्षातून एकदा व्याज धरलं आणि दर ८ टक्क्यांच्या आसपास असला तर उत्तरही ७२ ने जास्त बरोबर येतं. दर अगदी कमी असेल, लोकसंख्येसारखा एक-दोन टक्के, तर ७० वापरा. इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या पुस्तकात हा ७२ चा नियम दिलेला आहे, म्हणजे पाचशे वर्षांहून जुनी युक्ती आहे ही.

हे गणित आपल्याकडे जुन्या काळी माहीत होतं का?

हो, आणि नुसतं माहीत नव्हतं तर त्यावर झकास उदाहरण आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात, म्हणजे ११५० साली, श्रेढीच्या, म्हणजे ठरावीक नियमाने वाढणाऱ्या संख्यांच्या प्रकरणात एक गणित दिलंय. एक दाता पहिल्या दिवशी याचकाला २ कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायचं कबूल करतो, तर महिन्यात तो किती निष्क देईल?

त्या काळचं कोष्टक असं, २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्कात २०,४८० कवड्या. आता बघा, पहिले दहा दिवस मिळून दात्याच्या २,०४६ कवड्या जातात, निष्काचा जेमतेम दहावा भाग, दाता एकदम निवांत. वीस दिवस झाले की एकूण साधारण १०२ निष्क गेलेले असतात, आता तो जरा विचारात पडला असेल. आणि तीस दिवसांचा हिशेब होतो २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. वीस दिवसांत १०२ निष्क आणि उरलेल्या दहा दिवसांत एक लाखाच्या वर! त्यातही निम्मे एकट्या तिसाव्या दिवशी.

मला याहून भारी वाटते ती आकडा काढायची रीत. २ ला ३० वेळा गुणत बसायचं नाही. ३० पासून सुरू करायचं, संख्या सम असेल तर निम्मी करून "वर्ग" लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून "गुण" लिहायचं. ३० चे १५, वर्ग. १५ चे १४, गुण. १४ चे ७, वर्ग. ७ चे ६, गुण. ६ चे ३, वर्ग. ३ चे २, गुण. २ चा १, वर्ग. १ चे ०, गुण. आता खालून वर यायचं, १ पासून सुरू करून गुण आला की दुप्पट आणि वर्ग आला की वर्ग: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटचा वर्ग १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत २ चा ३० वा घात हातात. त्यातून १ वजा करून पहिल्या दिवसाच्या २ ने गुणलं की झालं उत्तर. याच धर्तीची रीत पिंगलाच्या छंदशास्त्रात, म्हणजे कवितेच्या वृत्तांवरच्या ग्रंथात, त्याच्याही आधी शेकडो वर्षं आहे, आणि आजचे कॉम्प्युटर प्रचंड मोठे घात काढताना याच विचाराने काढतात. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणादेवीला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख तिथे आहे, त्या बाजूला गेलात तर नक्की बघा.

कागद ४२ वेळा दुमडला की चंद्रावर पोचतो म्हणतात, खरं आहे?

आकडेमोड खरी आहे. कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तर प्रत्येक घडीला जाडी दुप्पट होते, ४२ घड्यांनंतर साधारण ४,३९,८०० किलोमीटर, आणि चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. पण मला चंद्रापेक्षा कळसूबाईचं उदाहरण आवडतं कारण ते डोळ्यांसमोर येतं. २४ घड्यांना जाडी होते १,६७७ मीटर, आणि कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे २४ घड्यांत कागद महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या वर डोकं काढतो आणि अजून तीन घड्या घातल्या की एव्हरेस्टही खाली राहतं.

प्रत्यक्षात अर्थात जमत नाही. साधा कागद सात-आठ घड्यांवर अडतो, कारण जाडी दुप्पट होते तशी लांबी निम्मी होत जाते आणि दुमडायला काही उरतच नाही. अमेरिकेतल्या ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने २००२ मध्ये जवळजवळ १२०० मीटर लांबीचा टॉयलेट पेपर वापरून १२ घड्या घालून दाखवल्या आणि त्याला किती लांबी लागते याचं सूत्रही स्वतः काढलं.

तळ्यातल्या पानांचं कोडं सगळीकडे सांगतात, ते प्रत्यक्षात कुठे घडतं का?

आपल्या नद्यांमध्ये दर वर्षी घडतं, पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी, कुठेही जाऊन बघा. कोडं असं की तळ्यातली पानं रोज दुप्पट होतात आणि ३० व्या दिवशी तळं पूर्ण भरतं, तर निम्मं कधी भरलं होतं? उत्तर २९ व्या दिवशी. २५ व्या दिवशी तर फक्त ३ टक्के झाकलेलं असतं, ९७ टक्के पाणी मोकळं, तेव्हा कोणाला सांगितलं की पाच दिवसांत सगळं जाणार तर विश्वास बसणार नाही.

जलपर्णी रोज दुप्पट होत नाही, पण ऊन आणि सांडपाण्यातलं नत्र-फॉस्फरस मिळालं की एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते. दोन आठवडे धरा. आज पात्राचा ३ टक्के भाग झाकलेला दिसतोय, कडेला थोडी हिरवळ, फोटोत छानच दिसते. तिथून पूर्ण झाकायला पाच दुपटी, म्हणजे दहा आठवडे. जानेवारीच्या शेवटी ज्याकडे कोणी बघत नव्हतं ते एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काठापासून काठापर्यंत, मग डास, मग वास, मग तक्रारी आणि मग काढायची धावपळ.

आणि इथे गणित एक फार कामाची गोष्ट सांगतं. पूर्ण झाकलेल्या पात्रातली निम्मी जलपर्णी काढली, पोकलेन लावून, ट्रक भरभरून, तर आपण नेमके किती दिवस मिळवले? एक दुप्पट काळ, म्हणजे फक्त दोन आठवडे. ९० टक्के काढली तरी साधारण साडेसहा आठवडे. तेच काम ती २-३ टक्के असताना केलं तर काढायचा माल एक-तीसांश आणि उरलेल्या चार रोपट्यांना परत वाढायला सबंध सीझन जातो. जलपर्णी काढायची वेळ ती दिसायला लागते तेव्हाची असते, खटकायला लागते तेव्हाची नाही, आणि ही गोष्ट नदीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वहीत पहिल्या पानावर लिहावी असं मला मनापासून वाटतं. मुळात दुप्पट होण्याचा काळच वाढवायचा असेल तर सांडपाणी थांबवण्याला पर्याय नाही.

ई हा आकडा, २.७१८ वाला, यात कुठून आला?

व्याजातूनच आला. याकोब बर्नुली या स्विस गणितीने १६८३ मध्ये प्रश्न विचारला की वर्षाला १०० टक्के व्याज असेल आणि ते वर्षातून जास्त जास्त वेळा मुद्दलात मिळवत गेलं तर एका रुपयाचे किती होतील. वर्षातून एकदा मिळवलं तर २ रुपये. सहामाही मिळवलं तर २.२५. तिमाही २.४४. दरमहा २.६१. रोज मिळवलं तर २.७१४६. वाटतं की असंच वाढत जाऊन प्रचंड होईल, पण नाही होत, क्षणाक्षणाला मिळवलं तरी आकडा २.७१८२८ च्या आसपास येऊन थांबतो. त्या मर्यादेला पुढे ऑयलर या गणितीने ई हे अक्षर दिलं. निसर्गात वाढ ३१ मार्चला व्याज जमा केल्यासारखी होत नाही, ती सतत चालू असते, म्हणून विज्ञानाच्या पुस्तकात घातांकी वाढ बहुतेक वेळा ई च्या घाताने लिहिलेली दिसते.

समोर नुसते आकडे असतील तर वाढ घातांकी आहे का हे कसं ओळखायचं?

वजाबाकी करू नका, भागाकार करा. प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागा, उत्तर जवळपास तेच येत राहिलं तर घातांकी.

भारताची जनगणना घेऊ. १९५१ ला साधारण ३६.१ कोटी, १९६१ ला ४३.९, १९७१ ला ५४.८, १९८१ ला ६८.३, १९९१ ला ८४.६, २००१ ला १०२.९ आणि २०११ ला १२१.१ कोटी. दहा वर्षांची टक्केवारी अनुक्रमे २१.६, २४.८, २४.७, २३.९, २१.५ आणि १७.७. म्हणजे १९६१ ते १९९१ ही तीस वर्षं पट जवळजवळ तीच होती, पावणेपंचवीस टक्क्यांच्या आतबाहेर, त्या काळातली वाढ बऱ्यापैकी घातांकी म्हणता येईल, दर ३० ते ३२ वर्षांत दुप्पट होण्याच्या वेगाची. पण नंतर पट उतरायला लागली. यातल्या शेवटच्या दोन दशकांत तर भर पडलेली संख्या जवळपास सारखीच आहे, दोन्ही वेळा १८.२ कोटीच्या आसपास, उलट २००१ ते २०११ मध्ये किंचित कमीच. भर सारखी म्हणजे सरळ रेषा! त्यामुळे "भारताची लोकसंख्या घातांकी वाढतेय" हे वाक्य १९८० मध्ये बरोबर होतं आणि आज चूक आहे, तरी भाषणांत अजून चालूच आहे.

ग्राफ काढायचा असेल तर लॉग स्केलवर काढा, म्हणजे उभ्या अक्षावर १, १०, १००, १००० सारख्या अंतरावर. घातांकी वाढ त्यावर सरळ रेषा दिसते आणि वेग मंदावला की रेषा वाकलेली लगेच कळते. साध्या ग्राफवर मात्र सगळंच हॉकी स्टिकसारखं दिसतं आणि लोक विचारतात की "वाढ अचानक कधी सुरू झाली", अचानक काही होत नसतं, पट पहिल्यापासून तीच असते.

अशी वाढ कायम चालू राहू शकते का?

नाही. ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत उत्तम परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. तासाला ३ दुपटी, दिवसाला ७२. एकाच जिवाणूपासून सुरुवात केली आणि एकाचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरलं तर २४ तासांनी एकूण वजन जवळजवळ ४,७०० टन. आणि ४८ तासांनी? पृथ्वीच्या वजनाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त. उघड आहे की खाणं संपतं, जागा संपते, घाण साचते आणि वाढ थांबते.

म्हणून खऱ्या जगात सुरुवात घातांकी, मग मंदावणं, मग सपाट, असा इंग्रजी एस सारखा वक्र मिळतो. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितीने १८३८ मध्ये त्याचं समीकरण मांडलं, त्याला लॉजिस्टिक वक्र म्हणतात. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १७९८ मध्ये, माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लोकसंख्या गुणाकाराने आणि अन्न बेरजेने वाढतं असं म्हटलं होतं, व्हेरहुल्स्टने त्याला कमाल मर्यादेची जोड दिली. अडचण एवढीच की वक्राच्या सुरुवातीला उभं राहून बघितलं तर शुद्ध घातांकी आणि लॉजिस्टिक यात फरक दिसतच नाही, दोन्ही एकसारखे असतात, मर्यादा कुठे आहे हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही, त्यासाठी खाणं किती, जागा किती, माणसं किती हे वेगळं माहीत असावं लागतं.

कोरोनाच्या वेळी दुपटीचा वेग दुपटीचा वेग म्हणायचे, ते हेच का?

हेच. मार्च २०२० च्या शेवटी भारतात नोंदलेले रुग्ण साधारण एक हजार होते आणि १४ एप्रिलला दहा हजारांच्या वर. पंधरा-सोळा दिवसांत दहापट. दहापट म्हणजे साधारण ३.३ दुपटी, म्हणजे जवळपास पाच दिवसांत दुप्पट. तीच पट टिकली असती तर एक लाखाचा आकडा एप्रिल संपता संपता आला असता. तो आला १८-१९ मेच्या सुमारास, म्हणजे पुढच्या दहापटीला जवळजवळ ३५ दिवस लागले, दुपटीचा काळ पाचवरून दहा दिवसांच्या वर गेला. टीव्हीवर रोजचा आकडा वाढतच होता त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की परिस्थिती नुसती बिघडतेय, पण पट कमी होत होती. टेस्ट किती होतायत यावरही हे आकडे अवलंबून असतात, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

"फक्त सहा जण जोडा" वाल्या स्कीममध्ये गणित कुठे फसतं?

प्रत्येकाने ६ जण आणायचे धरा. दहाव्या पायरीला लागतात ६ कोटी माणसं, अकराव्याला ३६ कोटी, बाराव्याला २१७ कोटी, म्हणजे भारत संपला, तेराव्याला १,३०६ कोटी, पृथ्वी संपली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि त्यावर ठरलेलं उत्तर येतं की "आपण सुरुवातीला आहोत ना, काळजी नाही".

त्याला खरं उत्तर वेगळं आहे. स्कीम कुठल्याही पायरीला थांबू दे, पाचव्या थांबो की नवव्या, एकूण माणसांपैकी जवळपास ८३ टक्के, म्हणजे सहातले पाच, नेहमी शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणीच नसतं, त्यांचे पैसे गेले. हे चालवणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाही, ६ च्या घातांचं ते गणितच आहे. अशा साखळी योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे तरी नावं बदलून येत राहतात, कधी साबण, कधी कोर्स, कधी कॉइन. घरातल्या मोठ्यांना आणि नुकत्या नोकरीला लागलेल्या पोरांना हे ८३ टक्के कागदावर काढून दाखवा.

महिना ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के ना?

व्याज दरमहा फेडत असाल तर ३६. थकवलं आणि ते मुद्दलात चढत गेलं तर १.०३ चा १२ वा घात, म्हणजे ४२.६ टक्के. ७२ भागिले ३, चोवीस महिन्यांत कर्ज दुप्पट, आणि दहा वर्षं तसंच राहिलं तर दहा हजारांचे साधारण ३ लाख ४७ हजार. क्रेडिट कार्डाचं महिना साडेतीन टक्के असेल तर वर्षाला ५१ टक्के पडतात, कर आणि दंड वेगळेच. म्हणून कार्डाचं बिल "मिनिमम ड्यू" भरून ढकलू नका, हात जोडून सांगतो.

हिंदू कायद्यात दामदुपटीचा जुना नियम होता, मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानायची, एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. घातांकी वाढीला बाहेरून घातलेली मर्यादाच ती, कर्ज दुप्पट झालं की पुढे चढायचं नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांना चक्रवाढ माणसाचं काय करते हे चांगलं ठाऊक होतं.

घटसुद्धा घातांकी असते का?

हो, पट एकापेक्षा कमी असली की घट. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य साधारण ८ दिवस आहे, दर ८ दिवसांनी निम्मं. ८० दिवसांत दहा वेळा निम्मं, म्हणजे १,०२४ वा भाग उरतो. कार्बन-१४ ला निम्मं व्हायला ५,७३० वर्षं लागतात, म्हणून त्यावरून पुरातत्त्ववाले हजारो वर्षं जुन्या वस्तूंचं वय काढतात.

तोंडी हिशेबासाठी काही युक्ती?

दहा दुपटी म्हणजे हजारपट, एवढं लक्षात ठेवा. २ चा १० वा घात १,०२४ आहे, तो १००० धरायचा. वीस दुपटी म्हणजे दहा लाखपट, तीस म्हणजे शंभर कोटीपट. आणि ७२ चा नियम. या दोन गोष्टींवर बहुतेक काम भागतं, समजा दर ९ टक्के आहे, तर ८ वर्षांत दुप्पट, मग ८० वर्षांत दहा दुपटी, म्हणजे आजोबांनी नातवाच्या नावाने ठेवलेले हजार रुपये त्याच्या ऐंशीव्या वर्षी साधारण दहा लाख.

नेमका आकडा हवा असेल तर फोनचा कॅल्क्युलेटर आडवा करा, घाताचं बटण दिसेल, १.०९ दाबून घाताला ८० द्या. ९८६ पट येईल.